परदेशातला पगार आणि परदेशातला संसार

परदेशातून नोकरीचा प्रस्ताव आला की मराठी घरात सर्वांत आधी गुणाकार होतो. वर्षाचे साठ हजार युरो, गुणिले त्या दिवशीचा भाव, भागिले बारा. आलेला आकडा पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या पगारापेक्षा इतका मोठा दिसतो की बाकीचे प्रश्न मागे पडतात. घरभाडं किती, मुलांच्या शाळेचं काय, बायकोला तिथे नोकरी करता येईल का, कंपनीने काढलं तर किती दिवसांत देश सोडावा लागेल, हे सगळं ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून पुढे ढकललं जातं. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी पाठवलेल्या पैशांत सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राकडे आला: २०.५ टक्के, केरळपेक्षाही थोडा अधिक. देशनिहाय पाहिलं तर अमेरिका २७.७ टक्क्यांसह पहिली आणि संयुक्त अरब अमिराती १९.२ टक्क्यांसह दुसरी. म्हणजे कोणत्या देशात संसार कसा चालतो, हा आपल्याकडे घरोघरचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर एका गुणाकारावर सोडणं मला धोक्याचं वाटतं.

गुणाकारातली चूक आधी पाहू. जागतिक बँकेच्या पुढाकाराने देशोदेशींच्या किमतींची तुलना होते. तिच्या २०१७ च्या फेरीत अमेरिकेत एका डॉलरला जे मिळतं ते भारतात सरासरी २०.६५ रुपयांत मिळतं, असं निघालं. चलनबाजारात तेव्हा डॉलर ६५ रुपयांना होता. म्हणजे तिथे राहून तिथेच खर्च केलेले एक लाख डॉलर इथल्या ६५ लाखांच्या नव्हे, साधारण एकवीस लाखांच्या राहणीमानाइतके. मात्र त्यातले जे डॉलर शिल्लक पडतात आणि गावी येतात, त्यांना पूर्ण बाजारभाव मिळतो. खर्च होणारा पैसा आक्रसतो आणि उरलेला फुगतो. म्हणून पगारापेक्षा शिल्लक किती पडते हे पाहायला हवं. ती घर, मुलं आणि दुसऱ्या कमावत्या माणसावर ठरते. भाजी, दूध, पेट्रोल यांचे भाव त्यामानाने किरकोळ असतात.

महागड्या शहरांच्या ज्या याद्या दरवर्षी वर्तमानपत्रांत झळकतात, त्यांचा इथे फारसा उपयोग नाही. मर्सर ही सल्लागार कंपनी न्यूयॉर्कला पायाभूत धरून दोनशेहून अधिक वस्तू आणि सेवांच्या किमती मोजते. तिच्या २०२४ च्या यादीत हाँगकाँग, सिंगापूर आणि झुरिक हे पहिले तीन होते. ही यादी बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी असते. आपला अधिकारी दुसऱ्या शहरात पाठवताना त्याला भत्ता किती द्यायचा, हे त्यावरून ठरतं. ज्याचं घर, शाळा आणि विमानाची तिकिटं कंपनी भरते, त्याचा तो हिशेब. स्वतःच्या हिमतीवर निघालेल्या आयटीतल्या जोडप्याला किंवा रत्नागिरीच्या वेल्डरला तो लागू नाही. कुटुंबात किती माणसं, व्हिसा कोणता आणि मुक्काम किती वर्षांचा, या तीन गोष्टी अशा कोणत्याही यादीत नसतात आणि खर्च ठरतो तो त्यांच्यावरच.

आखातापासून सुरुवात करू, कारण कोकणातून मोठ्या संख्येने तिकडे जाणं सत्तरच्या दशकापासून सुरू आहे. दुबईत पगारावर प्राप्तिकर नाही. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला असल्यामुळे पाठवणीचा अंदाज नीट बांधता येतो. वस्तूंवर २०१८ पासून पाच टक्के मूल्यवर्धित कर लागला, तो फार जाणवत नाही. खरा घाम घराशी फुटतो. दुबईत भाडं महिन्याला न मोजता वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांच्या चेकांनी आधीच लिहून द्यावं लागतं. ८० हजार दिरहम वार्षिक भाड्याचं घर चार चेकांत ठरलं असं धरा. माणूस दलालासमोर बसून चार चेक लिहितो, एक आजचा आणि पुढचे तीन-तीन महिन्यांच्या अंतराने. आजचा चेक २० हजारांचा. अनामत पाच टक्के म्हणजे चार हजार, दलाली तेवढीच, वीज-पाण्याच्या जोडणीची अनामत दोन हजार. पहिला पगार हातात पडण्याआधीच ३० हजार दिरहम बाहेर. पुढे दर महिन्याच्या वीजबिलात वार्षिक भाड्याच्या पाच टक्के गृहशुल्क हप्त्याहप्त्याने येतच राहतं. भाडं बारा चेकांत विभागून मागितलं तर घरमालक ते चढवून सांगतो, एका चेकात देणाऱ्याला सूट मिळते. म्हणजे ज्याच्याकडे पैसा कमी त्याचं घर महाग. म्हणून कितीतरी कुटुंबं शारजात राहतात. भाडं वाचतं आणि त्याच्या बदल्यात रोज सकाळ-संध्याकाळ दुबईच्या रस्त्यावर तास-तास गाडीत जातो.

दुसरा खर्च शाळेचा. सरकारी शाळांचं दार परदेशी मुलांना जवळपास बंद आहे, त्यामुळे खासगी शाळा आल्याच. सीबीएसईच्या शाळा त्यातल्या त्यात परवडतात. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या नावाजलेल्या शाळेची वर्षाची फी साठ-सत्तर हजार दिरहमांच्या पुढे जाते. दोन मुलं अशा शाळेत घातली की वाचलेल्या प्राप्तिकराहून अधिक रक्कम शाळेच्या तिजोरीत जाते. निवृत्तिवेतन नाही, नोकरी सोडताना पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचा मूळ पगार एवढी ग्रॅच्युइटी मिळते. अनेकांच्या पगारपत्रकात मूळ पगार एकूण पगाराचा एक भागच असतो, हे तेव्हा लक्षात येतं. नागरिकत्व जवळपास कुणालाच मिळत नाही. वीस वर्षं राहिलेल्या माणसाचा मुक्कामही व्हिसाच्या मुदतीएवढाच.

सौदी अरेबियाचा अनुभव यात फार बोलका आहे. जुलै २०१७ पासून तिथे परदेशी कामगाराच्या प्रत्येक आश्रितावर महिन्याला १०० रियालांचं शुल्क बसलं आणि २०२० पर्यंत ते माणशी ४०० रियालांवर गेलं. बायको आणि दोन मुलं म्हणजे वर्षाला १४,४०० रियाल, केवळ सोबत राहण्याचे. कितीतरी घरांनी बायकामुलांना गावी धाडलं. याच काळात मूल्यवर्धित कर आधी पाच आणि जुलै २०२० मध्ये पंधरा टक्के झाला. जिथे करच नाही म्हणून माणूस जातो, तिथे कर कोणत्या रूपाने येईल हे त्याच्या हातात नसतं. खेड-चिपळूण-महाडकडचे जे हजारो लोक कामगार छावण्यांत राहतात, त्यांचा खर्च सर्वांत कमी आणि बचतीचं प्रमाण सर्वांत मोठं. पण मुलगी दहावीला गेल्याचं त्यांना फोनवर कळतं. आखाती बचतीबद्दल बोलताना ही किंमत हिशेबाबाहेर ठेवणं मला पटत नाही.

सिंगापूर दिसायला दुबईसारखं, पण गणित वेगळं. प्राप्तिकर आहे, सर्वोच्च दर २४ टक्के असला तरी मध्यम पगारावर तो हलका बसतो. मोटार घ्यायची तर आधी दहा वर्षांचा परवाना लिलावात घ्यावा लागतो आणि २०२३ मध्ये लहान गाड्यांसाठीही त्या परवान्याची बोली एक लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेली. पण मेट्रो इतकी चांगली की गाडी नसणं खुपत नाही. हॉकर सेंटरमध्ये पोटभर जेवण स्वस्तात होतं, टेक्का मार्केटात कढीपत्त्यापासून कैरीपर्यंत सगळं मिळतं आणि रात्री बारालाही बाई एकटी निर्धास्त घरी येते. ही सुरक्षितता कोणत्याही यादीत रुपयांत मांडलेली नसते, पण जगण्याच्या दर्जात ती माझ्या मते भाड्याइतकीच मोलाची आहे. अडचण दोन ठिकाणी. मे २०२१ पासून आश्रित व्हिसावर आलेल्या जोडीदाराला नोकरी करायची तर स्वतःचा वेगळा कामाचा परवाना लागतो, पूर्वीसारखं साध्या संमतिपत्रावर भागत नाही. दुसरी अडचण मुलांची. कायम रहिवासी झालात तर त्या दर्जावर वाढलेल्या मुलग्याला पुढे दोन वर्षांची सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. हे आधी ठाऊक असेल तर निर्णय घेता येतो. मुलगा सोळाचा झाल्यावर कळलं तर घरात वादळ होतं.

आता जर्मनी. गेल्या काही वर्षांत पुणेकरांचा ओढा तिकडे स्पष्ट वाढलेला आहे. चाकणच्या मोटार कारखान्यांचं स्टुटगार्टशी असलेलं नातं जुनं, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करारही केला. पगारपत्रक पाहिलं की पहिला धक्का बसतो. वर्षाला साठ हजार युरो म्हणजे महिन्याला पाच हजार, पण अविवाहिताच्या हातात साधारण ३,१०० ते ३,२०० येतात. बाकी प्राप्तिकर, आरोग्यविमा, निवृत्तिवेतन, बेकारीविमा यांत जातात. दुसरा धक्का घर ताब्यात घेताना. पुष्कळ घरांत स्वयंपाकघर म्हणजे रिकामी खोली असते: ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. भिंतीतून नळाचे पाइप बाहेर आलेले आणि छतातून दिव्याच्या जागी वायरी लोंबत. आधीच्या भाडेकरूचं स्वयंपाकघर विकत घ्यायचं किंवा नवं बसवायचं, दोन्हींत हजारो युरो जातात. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत. त्यात घर मिळवायचं तर आर्थिक पत दाखवणारा दाखला लागतो आणि नव्याने आलेल्याकडे तो नसतो. म्युनिकमध्ये हे सगळं सर्वांत कठीण. लाइपझिगला भाडं जवळपास निम्मं.

पण कुटुंब आलं की जर्मनीचं पारडं फिरतं. न कमावणारी बायको आणि मुलं त्याच सरकारी आरोग्यविम्यात एक युरोही जास्त न भरता समाविष्ट होतात. पती-पत्नी मिळून करवर्ग निवडला की हातातला पगार महिन्याला चार-पाचशे युरोंनी वाढतो. प्रत्येक मुलामागे बालभत्ता मिळतो, परदेशी नोकरदारालाही; २०२५ मध्ये तो महिन्याला २५५ युरो होता. बर्लिनमध्ये २०१८ पासून पाळणाघराची मूळ फी माफ आहे. शाळा मोफत, बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. मे २०२३ मध्ये ४९ युरोंनी सुरू झालेला आणि २०२५ मध्ये ५८ वर गेलेला मासिक पास देशभरच्या लोकल गाड्या-बसला चालतो, त्यामुळे मोटारीवाचून भागतं. एकट्या माणसाला जो देश कंजूष वाटतो, तोच दोन लहान मुलांच्या बापाला उदार वाटतो. किंमत भाषेत मोजावी लागते. ब्लू कार्ड या कुशल नोकरदारांच्या परवान्यावर आलेल्याच्या जोडीदाराला नोकरीची पूर्ण मोकळीक आहे, पण जर्मन न येता आयटीबाहेर नोकरी मिळणं दुरापास्त. सरकारी एकात्मीकरण अभ्यासक्रम सातशे तासांचा असतो. पुण्यात शिक्षिका किंवा वकील असलेल्या बाईला तिथे पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते, आणि तिची ती दोन-तीन वर्षं कोणत्याही ऑफर लेटरमध्ये लिहिलेली नसतात.

ब्रिटनमध्ये भाषेचा प्रश्न नाही, जोडीदाराला कामाची मोकळीक आहे आणि लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं. खर्च मात्र विमानात बसण्याआधीच सुरू होतो. फेब्रुवारी २०२४ पासून आरोग्य अधिभार प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६ पौंड आहे, आणि व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा तो अर्जासोबतच भरावा लागतो. पाच वर्षांसाठी नवरा-बायको आणि दोन मुलं म्हणजे १८,११० पौंड. व्हिसाची फी वेगळी, आणि पगारातून राष्ट्रीय विम्याची कपात पुन्हा आहेच. नोकरदार आईबापांना इंग्लंडमध्ये लहान मुलांसाठी आठवड्याला तीस तास मोफत पाळणाघर मिळतं, पण दोघांच्याही व्हिसावर सार्वजनिक निधीला मनाई असेल तर ते मिळत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलांना सर्वांसाठी असलेले पंधरा तास तेवढे मिळतात. लंडनमध्ये भाडं, पाळणाघर आणि कौन्सिल टॅक्स गेल्यावर एका पगारात शिल्लक टाकणं अवघड. ज्यांना लीड्स किंवा मँचेस्टरमध्ये तीच नोकरी मिळते, ते सुखी दिसतात. कायम वास्तव्याची पाच वर्षांची अट दहावर नेण्याचा मनोदय सरकारने मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत जाहीर केल्यापासून अनेकांचं पुढचं नियोजन विस्कटलं आहे.

अमेरिकेत शिल्लक सर्वांत मोठी पडू शकते, हे खरंच आहे. आणि तिथे देशाचा खर्च असं काही सांगताच येत नाही. कॅलिफोर्नियात राज्याचा प्राप्तिकर १३.३ टक्क्यांपर्यंत जातो, टेक्ससमध्ये तो मुळीच नाही, मात्र तिथे मालमत्ता कर घसघशीत आहे. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये तान्ह्या बाळाच्या पाळणाघराला महिन्याला अडीच हजार डॉलर सहज लागतात. चांगली सरकारी शाळा मोफत असते, पण ती ज्या वस्तीत असते तिथलं भाडं शाळेची फीच वसूल करतं. आरोग्यविमा असला तरी वर्षाच्या सुरुवातीचे काही हजार डॉलर बहुधा आपल्या खिशातून जातात आणि मगच विमा हातभार लावतो. सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअर मिळून ७.६५ टक्के कपात होते. दीड लाख डॉलरच्या पगारावर वर्षाला ११,४७५ डॉलर. निवृत्तिवेतनाचा हक्क मिळायला साधारण दहा वर्षांची नोकरी लागते. भारताचा अमेरिकेशी सामाजिक सुरक्षेचा करार नाही, जर्मनी, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांच्याशी आहे. त्यामुळे सात-आठ वर्षांत परतणाऱ्याचे ते पैसे तिथेच राहतात.

आणि जोडीदार. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या नवऱ्यामागे एच-फोर या आश्रित व्हिसावर गेलेल्या बायकोला २०१५ पर्यंत नोकरी करताच येत नव्हती. आता येते, पण नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या अर्जाचा टप्पा मंजूर झाल्यावर. ग्रीन कार्डांत एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा नाही, म्हणून भारतीयांची रांग कित्येक वर्षांची, आणि मूल २१ चं झालं की ते आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतं. नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, तेव्हा तर ज्यांची बॅग भरलेली होती त्यांचेही बेत थांबले. इंजिनिअर झालेली, पुण्यात टीम सांभाळणारी बाई न्यू जर्सीच्या उपनगरात गाडी चालवण्याच्या परवान्याची वाट पाहत घरी बसते, तेव्हा तिचा बुडालेला पगार हा त्या संसाराचा सर्वांत मोठा खर्च असतो. त्याहून मोठं नुकसान म्हणजे पाच वर्षांनी परतल्यावर कोऱ्या बायोडेटाने नोकरी शोधावी लागणं.

कॅनडाचं आकर्षण ओसरतं आहे ते घरांमुळे. परदेशी लोकांना घरखरेदीची बंदी २०२३ पासून आहे, टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनमध्ये तळघरांत विद्यार्थी दाटीवाटीने राहतात आणि जानेवारी २०२५ पासून जोडीदाराच्या कामाच्या परवान्यावरही मर्यादा आल्या. ऑस्ट्रेलियात मालक जुलै २०२५ पासून पगाराच्या १२ टक्के निवृत्तिनिधीत भरतो, ही मोठी जमेची बाजू. नेदरलँड्समध्ये बाहेरून आलेल्या कुशल नोकरदाराला पगाराच्या तीस टक्क्यांपर्यंत भाग पाच वर्षं करमुक्त मिळतो, २०२७ पासून तो २७ होईल. त्या सवलतीच्या जोरावर आम्स्टरडॅमजवळचं आम्स्टेलवेन भारतीयांनी भरलं आहे. पण सहाव्या वर्षी हातातला पगार एकदम घटतो, आणि घराचा हप्ता तर तसाच राहतो.

आईवडिलांचं काय, हा प्रश्न मराठी घरांत उशिरा निघतो. अमेरिकेत बाळंतपण झालं की एका बाजूची आजी सहा महिने, मग दुसऱ्या बाजूची सहा महिने, ही पाळी कितीतरी घरांत ठरलेली असते, कारण पर्यटक व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिनेच राहू देतात. पाळणाघराचे पैसे वाचतात. आजीच्या गुडघेदुखीवर मात्र तिथे उपचार करण्याची सोय खिशाला झेपत नाही. कॅनडाच्या सुपर व्हिसावर आईवडील एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहू शकतात, विमा आपला काढून. जर्मनीने मार्च २०२४ पासून नव्या कुशल कामगारांना आईवडील आणण्याची वाट दिली, पण त्यांचा आरोग्यविमा मिळवणं हीच मोठी अडचण आहे. ब्रिटनमध्ये २०१२ पासून ही वाट जवळपास बंद. दुबईचं मोठं बलस्थान इथे दिसतं: मुंबईहून तीन-सव्वातीन तासांचं विमान. वडिलांना रात्री दवाखान्यात नेलं तर मुलगा सकाळी हजर होऊ शकतो.

हे सगळं मांडल्यावर माझं मत स्पष्ट आहे. एकट्या माणसाला पाच वर्षांत घराचं कर्ज फेडायचं असेल तर आखात. दोघंही आयटीत, मूल नाही आणि दोघांना स्वतंत्र परवाना मिळत असेल तर सिंगापूर. दोन लहान मुलं असतील आणि दोघांची जर्मन शिकायची तयारी असेल तर जर्मनीइतका आधार देणारा देश मला दुसरा दिसत नाही. अमेरिका दोघांनाही काम करता येत असेल आणि अनिश्चितता पेलण्याची ताकद असेल तरच. एका पगारावर लंडन कुणालाही सुचवणार नाही.

ज्यांच्या हातात आज ऑफर लेटर आहे त्यांना एक कळकळीची विनंती. सही करण्याआधी कंपनीला तीन प्रश्न लेखी विचारा: जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करता येईल का, व्हिसाचा आणि आरोग्य अधिभाराचा खर्च सगळ्या कुटुंबाचा भरणार की फक्त कर्मचाऱ्याचा, आणि नोकरी संपली तर परतीची जबाबदारी कुणाची. उत्तरं आल्यावर ती जोडीदाराला वाचायला द्या आणि दोघांनी मिळून ठरवा.